विश्राम शिपाई आणि सागावरचं पाखरू

सागाच्या रानात पाऊस पडल्यासारखा आवाज येत होता आणि विश्रामच्या अंगावर थेंबसुद्धा नव्हता.

ज्येष्ठ शुद्ध पंचमीची सकाळ होती. ऊन कासराभर वर आलेलं. विश्राम वाटेत थांबला, डोक्याचा रुमाल सोडून त्यानं दोन्ही हातांवर पसरून धरला. टपटप चालूच होती. थोड्या वेळानं पाहिलं तर रुमालात मोहरीसारखे काळे दाणे पडलेले. एक दाणा त्यानं बोटांत चिरडला. हिरवट पूड झाली, तिला चावलेल्या पाल्याचा वास येत होता. मग त्यानं मान वर केली. परवापर्यंत सुपाएवढी झालेली पानं चाळणीसारखी दिसत होती, आणि पानापानाच्या कडेला एक लहानशी घडी होती. कड कापून, आत दुमडून, वर टाका घातल्यासारखी. त्यानं एक घडी नखानं उकलली. आत बोटाच्या पेराएवढी काळी अळी होती, दोन्ही कुशींना पांढरी रेघ असलेली. उजेड लागताच ती वळवळली, झटक्यानं खाली सुटली आणि आपल्याच धाग्याला लोंबत राहिली.

साळुंक्या, कोतवाल, कावळे थवे करून आले होते आणि खाऊन खाऊन जड झाले होते. तरी टपटप तसूभर कमी होत नव्हती. विश्रामला उगाचच वाटलं, आपण इथं फार वेळ उभं राहू नये.

विश्राम जंगलखात्यातला शिपाई होता. आंबिवलीच्या पुढं काळू नदी ओलांडली की लागणारे सागाचे तीन डोंगर त्याच्या राखणीत होते. गोष्ट अठराशे पंच्याण्णवच्या आसपासची. सरकारनं रानं राखीव करून काही वर्षं लोटली होती, पण गावांच्या मनातला राग अजून निवला नव्हता, आणि त्या रागाला रोज सामोरं जायला असा एखादा विश्राम प्रत्येक डोंगरावर नेमलेला असे. त्याचं मूळ गाव रत्नागिरीकडचं. बाप रेल्वेच्या भरावावर काम करायला कल्याणात आला आणि तिथंच राहिला. विश्राम मराठी चौथी शिकला, खात्यात लागला. बायको सुमती दोन वर्षांपूर्वी पटकीत गेली. मूल नव्हतं. आता त्याला एकच नाद उरला होता: एक वही होती, तिच्यात तो रानात पाहिलेलं लिहून ठेवी. साग कोणत्या तिथीला फुटला, पळस कधी झडला, पाणी कुठल्या खळग्यात शेवटपर्यंत टिकलं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी वाचणारही नव्हतं. पण लिहिल्याशिवाय त्याला भाकर गोड लागत नसे.

भाकर त्याला रंगूबाई देई. डोंगराच्या पायथ्याला चिंचखोंडा नावाचा वीस-बावीस घरांचा पाडा होता, त्याच्या टोकाला तिची झोपडी. साठीची बाई, नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झालेली. ती इरली विणायची. बांबूच्या बेळांचा, म्हणजे पातळ कामट्यांचा सांगाडा, वर सागाची वाळलेली पानं, आणि ते पाठीवर घेतलं की लावणीच्या बाईला दिवसभर कोरडं राहता यावं. कल्याणच्या बाजारात तिच्या इरल्याला मागणी असे. विश्राम तिला मावशी म्हणे. ती त्याला पोरा म्हणे, आणि कधी रागावली तर शिपाई.

त्या दुपारी त्यानं रुमालातले काळे दाणे तिच्यापुढं सोडले.

"आली का ती," रंगूबाई म्हणाली. तिनं हातातली बेळ खाली ठेवली नाही.

"तुला ठाऊक आहे ही?"

"माझ्या लग्नाच्या साली आलेली. मग मधे एकदा. चार दिवसांत रान खाते न् धाग्यावरनं खाली उतरते. खाली झुडपांच्या पानात निजते. मग पाखरू होतं, पानाखाली अंडी घालतं न् जातं उडून."

"आणि झाडं?"

"झाडाला काय धाड भरलीय? महिन्यानं परत फुटतंय. सासू सांगायची, पान खाल्लं तर खाऊ दे, खोड नाय खात ना." तिनं बेळ वाकवून पाहिली. "पण पोरा, ती आली का माणसं वाईट होतात, ते मना पुरतं ठावं हाय."

नवमीपर्यंत मधला डोंगर वणवा फिरून गेल्यासारखा उघडा झाला. फरक इतकाच की जमीन काळी नव्हती, तिच्यावर काळ्या दाण्यांचा थर होता आणि पाऊल टाकलं की तो करकरे. झाडांवर पानांच्या शिरा तेवढ्या राहिल्या होत्या. त्यांतून आभाळ दिसे. हवेत सगळीकडे धागे, आणि धाग्यांवर अळ्या. वाटेनं जाणाऱ्याच्या मानेवर, कानावर, शिदोरीच्या फडक्यावर त्या येऊन टेकत.

चिंचखोंड्याचं यानं खरंच अडलं. ज्येष्ठाच्या पहिल्या पंधरवड्यात घरटी चार मोळ्या सागाची पानं काढायची मुभा खात्यानं दिली होती. इरली, गुरांच्या गोठ्याचं छप्पर, झोपडीच्या कुडाला पावसाच्या अंगाचा आडोसा, सगळं त्या पानांवर. ऐन वेळेला ताजी पानं काढायची, दोन दिवस उन्हात टाकायची आणि वापरायची, अशी पाड्याची पिढीजात रीत. आता काढायला पानच राहिलं नव्हतं. साऱ्या पाड्यात पानं होती ती एकट्या रंगूबाईकडं. गुडघे दुखतात, ज्येष्ठात डोंगर चढवणार नाही म्हणून तिनं आश्विनातच पिकायला आलेली पानं गोळा केली होती आणि दगडाखाली दाबून झोपडीत कमरेइतकी थप्पी लावली होती.

पाणवठ्यावर पहिल्यांदा ते वाक्य निघालं. कोण बोललं ते पुढं कोणालाच आठवेना.

"हिला आधीच कसं ठावं होतं?"

त्याच आठवड्यात पाड्याचा कारभारी दौलत याच्या नातीला ताप भरला. तीन वर्षांची पोर, दुपारी खेळत होती आणि संध्याकाळी मान टाकली. दौलत लेचापेचा माणूस नव्हता. सरकारी माणसाशी बोलताना तो नजर खाली घालत नसे, आणि पाड्यात कोणाचं भांडण सोडवायचं तर दोन्ही बाजू त्याच्याकडं येत. पण पोर त्याच्या मांडीवरच वाढलेली. त्यानं काळुराम भगताला बोलावलं. काळुरामनं सुपात तांदूळ टाकले, दाणे जोडीजोडीनं मोजले, आणि एक दाणा उरला तो सुपाच्या कडेला सरकवला. म्हणाला, "गावाच्या टोकाला हाय. पानाच्या खाली बसलीय."

टोकाला एकच घर होतं.

विश्रामला हे कळलं तेव्हा तो सरळ दौलतच्या ओटीवर गेला. आतून पोरीच्या कण्हण्याचा आवाज येत होता. दौलत खांबाला टेकून बसला होता, काळुराम पलीकडं तंबाखू मळत.

"दौलतबाबा, ही अळी कोणी आणलेली नाही. पाखरू पानाखाली अंडी घालतं, त्यातनं ती निघते. मावशीनं स्वतः मला सांगितलं."

काळुराम हसला. "चोराला इचारून चोरीचा माग काढलाव म्हणा की, शिपाईदादा."

"तिनं अंडी घातली असतील तर तिलाच ठावं असणार," ओटीखालून कोणीतरी म्हणालं, आणि दोघं-तिघं दबून हसले. दौलत हसला नाही.

"शिपाईदादा," तो म्हणाला, "मी अडाणी माणूस. तुमचं खरं असंल. पण तुमी काय बघितलाव? अळी बघितलीव. अळीचं पाखरू होतं हे तुमी डोळ्यांनी बघितलाव का?"

विश्रामला खोटं बोलता येईना. "नाही."

"झाडाला परत पानं येतात ते?"

"तेही नाही. अजून."

"मग अमुशेपर्यंत काळुरामला मी थांबवतो. अमुशेला त्यो पारख करील, आन् ती ठरली तर तिला शिवंच्या भायेर काढायची, हे पंचांनी ठरवलंय. त्याच्या आत तुमी ठाण्याच्या कचेरीचा कागद आणा. शिक्क्याचा. त्यात लिवलं पायजे का हे जनावर कोन, कुठनं येतंय न् का जातंय. सरकारचा शिक्का बघून मी पंचांना गप करीन. मी शब्द दिला."

ज्येष्ठ पौर्णिमेला दोन दिवस होते. म्हणजे हातात सतरा दिवस.

ठाण्याला कागद पाठवून विश्रामनं आधीच कळवलं होतं. उत्तर आलं ते कचेरीतल्या त्र्यंबकराव कारकुनाच्या वळणदार अक्षरात: अळीवरून कीटकाचे नाव ठरविता येत नाही, पूर्ण वाढलेले पाखरू, पंख न मोडता, तीन नग, डबीत घालून समक्ष आणावे.

तेव्हा अळ्या पाळणं आलं. मधल्या डोंगरावरच्या केव्हाच खाली उतरल्या होत्या, पण नदीकाठच्या उशिरा फुटलेल्या सागांवर अजून होत्या. विश्रामनं चाळीस अळ्या आणून चौकीत टोपलीत ठेवल्या, वर पंच्याचं फडकं बांधलं. सकाळी फडकं काढलं तर टोपलीत काळ्या मुंग्यांचा दोरखंड लागला होता. एकही अळी राहिली नव्हती. चौकीखाली मुंग्यांची वारुळं होती, हे त्याला आठ वर्षं ठाऊक होतं. घाईत सुचलं नाही.

मुंगी नसलेलं घर पाड्यात एकच. पानांच्या थप्पीला मुंगी लागू नये म्हणून रंगूबाई जमीन राखेनं सारवी आणि शिंक्याच्या दोऱ्यांना करंजाचं तेल चोळी.

"माझ्या घरात ठेवतोस?" तिनं विचारलं. "आत्ता?"

"चार दिवस, मावशी. दुसरीकडं कुठं जगणार नाहीत."

ती त्याच्याकडं बघत राहिली. तिच्या मनात काय आलं ते त्याला त्या वेळी वाचता आलं नाही. पुढं आयुष्यभर तो ते वाचत राहिला. "टांग शिंक्याला," ती म्हणाली. "पानं मी घालीन. तू घातलीस तर मारशील."

पौर्णिमेला नव्या अळ्या आणल्या. तीन दिवस त्या खात राहिल्या. शांत दुपारी टोपलीत कुरकुर ऐकू येई. चौथ्या दिवशी त्यांनी खाणं टाकलं. एकेकीनं पान ओढून दुमडलं, आतून पांढऱ्या धाग्याचं पातळ अस्तर लावलं आणि ती तांबूस, गुळगुळीत, चिंचोक्यासारखा कोष झाली. विश्रामनं तिथी आणि वेळ वहीत लिहिली. रंगूबाईला लिहिता येत नव्हतं. चुलीशेजारच्या भिंतीवर ती रोज कोळशानं एक रेघ ओढी.

पाड्यातल्या बाया आता तिच्या दारावरून जाताना पदर तोंडावर घेत. दोन दिवस कोणी तिला विहिरीवर पोहरा लावू दिला नाही. विश्रामनं पाणी आणून दिलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या चौकीच्या दारात लिंबू कापून टाकलेलं सापडलं. त्यानं ते पायानं बाजूला सारलं. पण त्यावरून ओलांडून जायचं मात्र टाळलं, आणि आपण टाळलं याची त्याला लाज वाटली.

वद्य दशमीला सकाळी रंगूबाईनं त्याला हाक मारली. फडक्याच्या आतल्या बाजूला तीन पाखरं बसली होती. विश्रामला आधी दिसलीच नाहीत. वाळक्या पानाचे तुकडे असावेत तशी, करड्या तपकिरी रंगाची, पंख कौलारू घरासारखे दोन्हीकडं उतरते मिटलेले. त्यानं काडीनं एकाला हळूच डिवचलं. वरचे पंख सरकले, आणि खालचे काळेभोर पंख उघडले. त्यांवर नारिंगी पट्टे, धगधगीत. क्षणभरच. पुन्हा पंख मिटले आणि पुन्हा वाळकं पान.

"बघ," रंगूबाई म्हणाली. "वरनं पाचोळा, आत निखारा." आणि कितीतरी दिवसांनी ती हसली. "हे बघून तरी दौलत्याचं तोंड मिटेल का रं?"

"कागद आणला की मिटेल. आज गेलो तर द्वादशीला परत. अमावास्येला दोन दिवस उरतात."

"बाकीच्यांचं काय करू? अजून वीसेक हाईत टोपलीत."

"किती निघतात, केव्हा निघतात, तेवढं बघून ठेव. कचेरीला सांगता येईल."

जाताना दौलतच्या ओटीवर त्यानं डबी उघडून दाखवायचं ठरवलं होतं. पण ओटीवर बायांची गर्दी होती, आतलं कण्हणं थांबलं होतं, आणि थांबणं बरं की वाईट ते विचारायची त्याला छाती झाली नाही. तो तसाच कल्याणच्या वाटेला लागला. डबी त्यानं छातीशी धरली होती. नदी उतरताना त्याला चालता चालता आतली फडफड बोटांना लागत होती.

कल्याणाहून आगगाडीनं तो दिवस कलता ठाण्याला पोचला. कचेरीत त्र्यंबकराव एकटेच होते. चष्मा कपाळावर, कानावर कलम खोचलेलं.

"आणलंस? शाबास. पण साहेब नाहीत. तिवरांची पाहणी करायला कोपरच्या खाडीकडं गेलेत. उद्या सकाळी येतील."

"आज तुम्ही लिहून दिलं तर, रावसाहेब? मला शिक्का लागतो फक्त."

"मी काय लिहू? एक किडा पाहिला, म्हणून?" ते हसले. "अरे, नाव साहेब पुस्तकात बघून ठरवणार. नावाशिवाय शिक्का कशावर मारायचा? एका दिवसानं तुझा साग पळून जातोय की काय?"

विश्रामनं त्यांना सगळं सांगितलं. त्र्यंबकरावांचं हसू मावळलं. त्यांनी कलम दौतीत ठेवलं, पण उठून काही केलं नाही. त्यांच्या हातात खरोखरच काही नव्हतं.

साहेब सकाळी आला नाही. भरतीत होडी अडकली होती. तो आला द्वादशीला, तिसऱ्या प्रहरी, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखून. डबी उघडल्यावर मात्र त्याला चिखलाचा विसर पडला. दोन पाखरं मेली होती, एक जिवंत होतं. नव्यानं आलेलं जाड पुस्तक त्यानं टेबलावर ठेवलं, भिंग लावून पंख पाहिले, पानं उलटली, पुन्हा भिंग लावलं. त्यात अर्धा तास गेला. मग तो त्र्यंबकरावांना इंग्रजीत काही म्हणाला आणि त्र्यंबकरावांनी ते विश्रामला सांगितलं.

"ह्युब्लिया प्युएरा. म्हणे अगदी साधं पाखरू आहे. इथून मलबारापर्यंत जिथं साग तिथं हे. पानाखाली एकेक अंडं घालतं, आणि नवी पालवी फुटली की थव्यानं येतं. झाड मरत नाही, त्या सालची वाढ खुंटते इतकंच. साहेबांना आश्चर्य वाटतं, तुम्ही लोकांनी यापूर्वी कधी पाठवलं कसं नाही." त्यांनी कलम उचललं. "अख्खा डोंगर उघडा करणारं जनावर, आणि पुस्तकात त्याला मोजून पाच ओळी."

कागद तयार झाला. मराठीत आणि इंग्रजीत. खाली सही, सहीखाली शिक्का. सागावरील पान खाणारे पाखरू, सर्वत्र आढळणारे. विश्रामनं तो घडी करून डबीत ठेवला, पाखरांच्या जागी.

त्रयोदशीला दुपारी तो नदीपाशी पोचला. पलीकडच्या तीरावर राखेचा लहानसा ढीग दिसला आणि त्याच्या कडेला एक बाजूला टाकलेली, नवीकोरी, वीतभर लांबीची झबल्याची पट्टी. दौलतची नात गेली होती, हे त्याला कोणी सांगावं लागलं नाही. तो धावत सुटला.

पाडा जागच्या जागी होता. कोणी कांडत होतं, कोणी बैलाला पाणी दाखवत होतं. त्याला पाहून कोणी थांबलं नाही. रंगूबाईच्या झोपडीचं दार उघडं होतं. आत पानांची थप्पी नव्हती. जमिनीवर तिची खूण तेवढी राहिली होती, न सारवलेला चौकोन.

दौलत त्याला ओटीवरच भेटला. डोक्याचे केस उतरवलेले.

"तुम्ही अमावास्येचा शब्द दिला होतात," विश्राम म्हणाला.

"दिला व्हता." दौलतचा आवाज खाली होता. "पोर एकादशीला गेली. त्याच दिशी, दिवेलागणीच्या टायमाला, तिच्या घरातनं ठिणग्या निघाल्या. सगळ्या पाड्यानं बघितल्या. मी बी बघितल्या, शिपाईदादा. तिनं दार उघडलं न् आतनं निखारं उडालं. एक दोन नाय. वीसेक. तांबडं, काळं. रानाकडं गेलं."

"ती पाखरं होती, बाबा. मी ठेवली होती. मी."

"ती बी तेच म्हनत व्हती. पाखरं हाईत, पोरानं ठेवलीत." दौलतनं पहिल्यांदा मान वर केली. "तुमी असतांव तर कोनी तरी ऐकलं असतं. मी ऐकलं असतं का, ते मना बी ठावं नाय."

"कुठं आहे ती?"

"गेली."

"कुठं?"

काळुराम अंगणातून म्हणाला, "शिवंच्या भायेर. तिथवर आमी बघितलं." आणि त्यानं तंबाखू थुंकली.

विश्रामनं डबीतून कागद काढून दौलतपुढं धरला. दौलतनं शिक्क्यावरून अंगठा फिरवला, जसा एखादा पोराच्या कपाळावरून फिरवतो, आणि कागद परत दिला. पंचांना दाखवायला तो मागितला नाही.

झोपडीत शिंकं जागेवर होतं. टोपली रिकामी, पाखरं सोडायला काढलेलं फडकं घडी करून तिच्यावर ठेवलेलं. चुलीच्या भिंतीवर दिवसांच्या रेघांखाली दुसरी ओळ होती, आखूड रेघांची, एकमेकींना चिकटून ओढलेली. त्यानं त्या मोजल्या. बावीस होत्या. दारात माणसं जमलेली असताना, बाहेर ओरडा चालू असताना, तिनं किती निघाली ते बघून ठेवलं होतं.

पंधरा दिवस तो तिला शोधत होता. नदीच्या दोन्ही काठांनी, आंबिवलीपर्यंत, कल्याणच्या बाजारात इरली विकणाऱ्या बायांत. कचेरीला त्यानं सारं लिहून कळवलं. चौकशीला दोन माणसं येऊन गेली. पाड्यात कोणी काही पाहिलं नव्हतं. थप्पीतली पानं मात्र घरोघरच्या इरल्यांवर दिसत होती.

आषाढ लागला आणि साग फुटला. आधी टोकांना तांबूस कोंब, मग आठ दिवसांत तळहाताएवढी पानं, आणि पंधरवडा संपता संपता मधला डोंगर असा गच्च हिरवा झाला की उन्हाळ्यात काही घडलं होतं हे खरं वाटू नये. विश्रामनं हे अहवालात आधीच लिहिलं होतं: झाडांस महिन्याभरात नवी पालवी येईल. ती आली. तिथीसुद्धा जवळपास बरोबर होती.

तो पायथ्याशी उभा राहून पाहत असताना दोन बाया मोळी घेऊन मागून गेल्या.

"बघ गं," एक दुसरीला म्हणाली. "ती गेली न् पानं आली."

त्यांच्या मागं धावून जाऊन काय सांगायचं? त्याचं सगळं शहाणपण काळुरामच्या पदरात जाऊन पडलं होतं.

मुळातच कमी बोलणारा विश्राम त्या वर्षभरात आणखी कमी बोलू लागला. पण एक गोष्ट त्यानं ठरवली. पुन्हा असं व्हायला नको असेल तर लोकांना आधी सांगितलं पाहिजे. अळी आल्यावर सांगून उपयोग नाही. तोवर माणसं भ्यालेली असतात. पुढच्या वैशाखात, पालवी फुटायच्या बेताला, तो रोज कोवळी पानं उलटून पाहू लागला. वैशाख सरता सरता एके दिवशी त्याला सापडली: शिरेला चिकटून, खसखशीहून लहान, पांढरट अंडी. एका पानावर, दहा पानांवर, सगळ्या झाडांवर.

तो पाड्यात गेला. घरोघर जाऊन सांगितलं. दौलतला, काळुरामला, पाणवठ्यावरच्या बायांना. "ज्येष्ठ शुद्ध द्वितीया-तृतीयेला अळी दिसेल. अष्टमीला रान उघडं होईल. घाबरू नका. इरल्यांची पानं आत्ताच काढून ठेवा, मी परवानगी देतो. आषाढात पुन्हा फुटेल." त्यानं स्वतः चार मोळ्या पानं काढून आपल्या चौकीत रचून ठेवली, कोणाला कमी पडली तर असावीत म्हणून.

लोकांनी ऐकून घेतलं. पानं कोणी काढली नाहीत.

द्वितीयेला सकाळी टपटप सुरू झाली. विश्राम रानातून खाली आला तेव्हा पाड्यातली सगळी माणसं पाराजवळ जमली होती. तो नेहमीच्या जागी टेकला. शेजारी बसलेला म्हातारा उठून पलीकडं गेला. मग त्याच्या पलीकडचा. पारावर त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन हात दगड मोकळा पडला. बोलणं थांबलं होतं, त्यामुळं डोंगरावरचा आवाज इथवर येत होता.

काळुराम सूप घेऊन बसला होता. तांदूळ अजून टाकले नव्हते. त्यानं समोरच्या चढावरच्या विश्रामच्या चौकीकडं पाहिलं. उघड्या दारातून पानांची थप्पी दिसत होती. मग त्यानं विश्रामकडं पाहिलं, आणि आवाजात कसलाही राग न ठेवता, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं:

"शिपाईदादा, तुमाला आधीच कसं ठावं व्हतं?"